हिमोफिलिया : जनुकोपचाराच्या चाचण्या आणि आपली मुले

निफाड तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला हिमोफिलिया आहे. तमिळनाडूत वेल्लोर येथे हा आजार ‘मुळापासून’ बरा करतात असे त्यांच्या कानावर आले आहे. ते विचारतात, ‘मुलाला घेऊन लगेच निघावे काय? दोन बिघे विकावे लागले तरी हरकत नाही.’ अशीच विचारणा माझ्या दवाखान्यातही अधूनमधून होते, म्हणून आजचा लेख याच विषयावर. जमिनीपुरते उत्तर आधीच देऊन ठेवतो : विकू नका. का, ते पुढे येईलच.

प्रथम आजाराविषयी थोडेसे. आपल्याला जखम झाली की रक्तातील काही घटक साखळीसारखे एकामागून एक कामाला लागतात आणि रक्त गोठते. यातला आठवा घटक, म्हणजे फॅक्टर आठ, कमी असेल तर हिमोफिलिया ‘ए’ आणि नववा कमी असेल तर हिमोफिलिया ‘बी’. अशा मुलाला कापले तर रक्ताची चिळकांडी उडते हा गैरसमज आहे. रक्त इतरांइतक्याच वेगाने येते, पण थांबत नाही. खरा धोका बाहेरच्या जखमेचा नसून आतल्या रक्तस्रावाचा. गुडघा, घोटा, कोपर यांच्या सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त साठते, सांधा सुजतो, आतले अस्तर खराब होते आणि विशी गाठण्याआधीच मुलगा लंगडू लागतो. मेंदूत रक्तस्राव झाला तर जीवावर बेतते.

ही फॅक्टरे बनविण्याची कृती ‘एक्स’ गुणसूत्रावरील जनुकात लिहिलेली असते. मुलाला ‘एक्स’ एकच, आणि तो आईकडून आलेला. त्यामुळे आजार मुलांना होतो आणि आई वाहक ठरते. यावरून घराघरांतून सुनेला जे ऐकून घ्यावे लागते ते मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार पूर्वी कुणालाच नसतो. जनुकात नव्यानेच बदल घडलेला असतो. तेव्हा दोष कुणाचाच नाही. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या वंशातही हा आजार असाच उतरला होता.

साधारणपणे पाच हजार मुलग्यांमागे एकाला हिमोफिलिया ‘ए’ असतो; ‘बी’ त्याहून बराच विरळ. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती. त्यात पुरुष ३१ लाखांवर धरले तर सौम्य-तीव्र मिळून सहाशेच्या आसपास रुग्ण असायला हवेत. ही मोजणी नव्हे, नुसता हिशेब आहे. पण सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर ‘याचे गुडघे वाताने धरले’ असे म्हणून सोडून दिलेली किती मुले असतील याचा विचार मनात येतो.

आजवरचा उपचार म्हणजे कमी असलेले फॅक्टर शिरेतून टोचणे. पण फॅक्टर आठ शरीरात टिकते किती? दहा-बारा तासांत निम्मे संपते. म्हणून रक्तस्राव होऊ नये यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा सुई. अलीकडे एमिसिझुमॅब नावाचे कातडीखाली टोचण्याचे औषध आले आहे. ते फॅक्टर आठचे काम दुसऱ्या मार्गाने करते आणि आठवड्याने, पंधरवड्याने किंवा महिन्याने घेता येते. चांगले औषध आहे, पण महाग, आणि तेही चालूच ठेवावे लागते.

आता जनुकोपचाराकडे वळू. रोज पाण्याचा टँकर मागविण्यापेक्षा घरातलीच विहीर चालू करावी, असा हा विचार आहे. बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत पेशीत पोचवायची म्हणजे शरीर स्वतःच फॅक्टर बनवील. हिमोफिलिया यासाठी सोयीचा आजार आहे, कारण फॅक्टर पूर्ण शंभर टक्के होण्याची गरजच नसते. एक टक्क्याच्या खाली असेल तर आजार तीव्र, एक ते पाच मध्यम आणि पाचच्या पुढे सौम्य. म्हणजे चार-पाच टक्क्यांची कमाई झाली तरी आयुष्य पालटते.

ही प्रत पेशीत नेणार कोण? विषाणू. पेशीत शिरण्याची विद्या त्यालाच अवगत. त्याच्या पोटातील रोग करणारा मजकूर काढून तेथे आपले जनुक भरायचे. यासाठी एएव्ही नावाच्या निरुपद्रवी विषाणूची निवड झाली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत माणसांवरील पहिल्या चाचण्या सुरू झाल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत फॅक्टर नऊ दहा टक्क्यांपर्यंत चढले आणि काही आठवड्यांत पुन्हा खाली आले. शरीराच्या प्रतिकारशक्तीने नव्या जनुकाच्या यकृतपेशीच मारून टाकल्या होत्या. २०११ मध्ये लंडनमध्ये सहा रुग्णांवर हाच उपचार दुसऱ्या प्रकारचा एएव्ही वापरून झाला. ज्यांच्या यकृतात दाह दिसला त्यांना लगेच स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि फॅक्टर टिकले. पुढचे बरेचसे काम या अनुभवावर उभे आहे.

२०२२ मध्ये अमेरिकेत हिमोफिलिया ‘बी’साठी आणि युरोपात ‘ए’साठी पहिल्या जनुकोपचारांना परवानगी मिळाली. ‘बी’च्या एका मात्रेची किंमत होती ३५ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २८ कोटी रुपये! ‘ए’च्या उपचारात १३४ जणांची मोठी चाचणी झाली. पहिल्या वर्षी रक्तस्राव फार घटले, पण पुढच्या वर्षांत फॅक्टरची पातळी उतरत गेली. फायझर कंपनीने तर ‘बी’वरील आपला उपचार अमेरिकेत परवानगी मिळून वर्षही झाले नसताना, फेब्रुवारी २०२५ मध्ये, मागणी नाही म्हणून बंद केला.

पातळी उतरते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. एएव्हीने नेलेले जनुक बहुतेक वेळा पेशीच्या मूळ पोथीत शिवले जात नाही. वहीत खोचलेल्या चिठ्ठीसारखे ते सुटे राहते. पेशीचे विभाजन झाले, म्हणजे वहीची नवी प्रत उतरविली, की चिठ्ठी मागे राहून जाते. उतरण्याची इतरही कारणे असावीत, पण वाढत्या मुलांबाबत ही मोठीच अडचण आहे, कारण त्यांचे यकृत अजून वाढत असते. शिवाय अनेकांच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आधीपासूनच असतात. त्यांना हा उपचार सहसा चालत नाही. ज्यांनी एकदा घेतला त्यांच्यातही ती तयार होतात, म्हणून दुसरी मात्रा देता येत नाही.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने वेगळी वाट धरली, आणि माझ्या मते भारताच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे. तेथील डॉ. आलोक श्रीवास्तव यांनी हिमोफिलियाच्या उपचारात हयात घालविली आहे. जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या उपचारविषयक मार्गदर्शक सूचनांचे ते प्रमुख लेखक आहेत. अमेरिकेतील अटलांटाच्या एमरी विद्यापीठाशी मिळून त्यांच्या गटाने काम केले. रुग्णाच्याच रक्तातून मूळपेशी काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत लेंटिव्हायरस या दुसऱ्या वाहकाच्या साहाय्याने त्यांत फॅक्टर आठचे जनुक घालायचे आणि त्या पेशी रुग्णाला परत द्यायच्या. लेंटिव्हायरस चिठ्ठी खोचत नाही, पान वहीत शिवूनच टाकतो. त्यामुळे त्या मूळपेशीपासून जन्मणाऱ्या प्रत्येक पेशीत जनुक उतरते. जनुकाची रचना करताना माणसाच्या फॅक्टर आठमध्ये डुकराच्या फॅक्टरचा काही भाग जोडला आहे, कारण त्यामुळे पेशीतून फॅक्टर बरेच जास्त बाहेर पडते. (प्राण्याचे रक्त येथे कोठेही वापरलेले नाही, जनुक प्रयोगशाळेत बनविलेले असते. हा प्रश्न हमखास विचारला जातो म्हणून लिहिले.)

या चाचणीचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या विख्यात नियतकालिकात आला. रुग्ण पाच, सर्व तीव्र हिमोफिलिया ‘ए’चे, वय २२ ते ४१. पहिल्या दोघांत फॅक्टर सुमारे पाच आणि दोन टक्क्यांच्या आसपास राहिले. पुढच्या तिघांच्या पेशींवर प्रयोगशाळेत जनुक अधिक प्रमाणात शिरावे म्हणून एक पूरक द्रव्य वापरले, तेव्हा एकात १९ टक्के आणि दोघांत ३७ ते ४० टक्के पातळी मिळाली. उपचार बसल्यानंतर पाचांपैकी कुणालाही रक्तस्राव झाला नाही. सर्वांचा मिळून पाठपुरावा ८१ महिन्यांचा. हा अहवाल वाचून मला फार आनंद झाला. दोन टक्क्यांच्या रुग्णालाही रक्तस्राव होऊ नये याचे मात्र मला नवल वाटते आणि पुढील वर्षांत काय दिसते याची उत्सुकता आहे.

आता दुसरी बाजू. नव्या पेशींना हाडांच्या मगजात जागा करून देण्यासाठी आधी जुन्या पेशी केमोथेरपीने काढाव्या लागतात. काही दिवस पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार खाली जातात, जंतुसंसर्गाची भीती असते, पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. शिवाय जनुक पोथीत शिवताना ते भलत्याच ठिकाणी शिवले गेले तर? पॅरिसमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांवर जुन्या पद्धतीच्या वाहकाने उपचार झाले तेव्हा त्यांतील काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. २००२ च्या सुमारास ते उघडकीस आले. लेंटिव्हायरस त्या मानाने सुरक्षित समजला जातो, पण शंका शून्यावर आलेली नाही. म्हणूनच जनुक असे शिवले जाणाऱ्या रुग्णांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवावे असे अमेरिकेचे औषध नियामक सांगतात.

आपल्या द्राक्षबागायतदारांना हे सांगायला नको. नवी जात एका बागेत एका हंगामात गोड निघाली म्हणून कुणी सगळे रान उपटून तीच लावत नाही. पाच रुग्णांची चाचणी ही पहिल्या टप्प्याची. तिचा मुख्य प्रश्न ‘हे देणे सुरक्षित आहे काय’ एवढाच असतो. किती जणांना, किती वर्षे गुण येतो हे पुढच्या टप्प्यांनी सांगायचे. पाचही जण प्रौढ होते, तेव्हा अकरा वर्षांच्या मुलाला त्यात जागाच नव्हती.

जमिनीचा प्रश्न येथे सुटतो. चाचणी म्हणजे विकत मिळणारा उपचार नव्हे. चाचणीत रुग्णाने पैसे भरून जागा घ्यायची नसते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. कुणी स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये मागत असेल तर तो चाचणी करीत नाही, धंदा करतो. भारतातील प्रत्येक चाचणीची आधी शासनाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री येथे नोंद करावी लागते; तो नोंदणी क्रमांक मागा. कोणत्या नैतिकता समितीने मान्यता दिली ते विचारा. संमतिपत्र मराठीतून समजावून घ्या, घरी आणून दोनदा वाचा. मध्येच बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला असतो, पण एकदा शरीरात गेलेले जनुक परत काढता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि एएव्हीचा उपचार घेतल्यावर तशा दुसऱ्या चाचणीचे दार बंद होण्याचा संभव असतो, म्हणून पहिलीच संधी पकडण्याची घाई करू नये.

मग तोवर काय? जनुकोपचाराने फॅक्टर वाढेल, पण झिजलेला गुडघा पुन्हा कोरा होणार नाही. म्हणून आजचा फॅक्टर चुकवू नका. पुढे औषध आलेच तर ते घेण्याजोगे शरीर हवे : यकृत निरोगी, कावीळ बी-सीपासून संरक्षण, आणि टोचलेल्या फॅक्टरविरुद्ध रक्तात प्रतिरोधक तयार झाले आहेत काय याची वेळोवेळी तपासणी. कावीळ ‘बी’ची लस जरूर टोचून घ्यावी, लस देणाऱ्यांना आजार आधी सांगावा, म्हणजे बारीक सुई वापरून नंतर जागा दाबून धरता येते. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरीन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. दात काढणे, सुंता, कोणतीही शस्त्रक्रिया फॅक्टरची व्यवस्था झाल्याशिवाय करू नये. पोहणे हा या मुलांसाठी उत्तम व्यायाम. स्नायू बळकट असले की सांध्यावरचा ताण घटतो.

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी डे-केअर सेवा आहे आणि शासनाकडून फॅक्टर मोफत मिळते. लांबून येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी फोन करून चौकशी करावी. मावशी, बहीण वाहक आहेत काय याची तपासणी आणि गरोदरपणातील निदान यासाठी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेचा सल्ला मिळतो. लग्न ठरण्याआधी किंवा निदान गरोदरपणाच्या सुरुवातीलाच जावे. २०१६ च्या कायद्याने हिमोफिलिया हा अपंगत्वाच्या यादीत आला आहे, त्याचे प्रमाणपत्रही काढून ठेवावे. मुलाच्या खिशात नाव, रक्तगट, आजाराचा प्रकार आणि फॅक्टरची टक्केवारी लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवावी. शाळेत वर्गशिक्षकांकडे तिची एक प्रत द्यावी, आणि डोक्याला मार लागल्यास सूज येण्याची वाट न पाहता आधी फॅक्टर, मग स्कॅन, हे तीवर ठळक अक्षरांत लिहावे.