घराची साक्ष



माजिवडा नाक्यावरून पश्चिमेला पाहिले की इमारतींमागे येऊरचे डोंगर दिसतात. तेथील खोऱ्यांत आपल्या वारली बंधुभगिनींचे पाडे आहेत. रान साफ करून तेथे ज्यांनी घर उभारले, त्यांचा इतिहास कसा लिहून ठेवावा, हे या पाठात पाहू. त्यावर त्यांच्या नातवंडांचे छप्पर अवलंबून आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या व ती कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष ताब्यातील जमिनीवर, कमाल ४ हेक्टरपर्यंत, हक्क मागता येतो. राष्ट्रीय उद्यानातील जमीनही यातून वगळलेली नाही. हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. जमीन वारसांकडे जाते, विकता मात्र येत नाही. (नाबोथाचा द्राक्षमळा आठवतो ना?)

आता माझी चूक सांगते. एका पाड्यावरच्या आजींकडे मी कागद मागितले. रेशनकार्ड अलीकडचे, घरपट्टीची पावती नाही. “मग कठीण आहे, आजी,” एवढे बोलून मी परत आले. माझ्यामुळे त्या घराचा एक पावसाळा फुकट गेला. नंतर २००८ च्या नियमांतील तेरावा नियम नीट वाचला. घर, सपाट केलेले शेत, बांध, विहीर, मसणवट, देवस्थान, वंशावळ, आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, हे सारे पुरावेच आहेत. एकाहून अधिक जोडावे लागतात, इतकेच.

पुन्हा गेले तेव्हा आजींनीच मला शिकवले. त्यांच्या घराचा कूड कारवीचा, वर शेणामातीचा लेप. इकडची कारवी दर ८ वर्षांनी फुलते; अलीकडे २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. आजींना साल सांगता येत नाही. पण थोरला रांगत होता तेव्हा डोंगर निळाजांभळा झाला होता, हे पक्के आठवते.

“त्याच्या मागच्या फुलोऱ्याला सासऱ्यानं हा बांध घातला, ताई.”

थोरल्याच्या वयावरून मोजत गेले, तर बांध १९८४ चा निघाला. शेजारच्या आजोबांना वेगळे विचारले, त्यांनीही तोच फुलोरा सांगितला. त्यांचा जबाब लिहून, वाचून दाखवून अंगठा घेतला. बांधाचे फोटो जोडले. दावा आता दाखल आहे, निकाल यायचा आहे.

पाड्यावर जाल तेव्हा वही न्या. त्या आजोबांसारखे साक्षीदार थोडेच उरले आहेत.