न आलेल्यांची वही

नंदुरबार, १४ जून

चि. सुषमा,


तुझी नेमणूक अक्राणीतल्या उपकेंद्रावर झाल्याचं दादाने फोनवर सांगितलं. त्याच्या बोलण्यात काळजी होती, मला मात्र फार आनंद झाला. आरोग्य सहाय्यिका म्हणून मी याच जिल्ह्यातून निवृत्त झाले, तेव्हा चार शब्द सांगायचा हक्क आत्या म्हणूनही आहे आणि जुनी सिस्टर म्हणूनही.

दारात येईल त्याची सेवा तू मनापासून करशील, याबद्दल मला शंका नाही. पण डोंगरी भागातल्या उपकेंद्राकडे साधारण ३,००० लोकसंख्या असते आणि रोज दिसणारी तोंडं बहुतेक जवळच्या दोन-तीन पाड्यांवरचीच असतात. बाकीची कुठे आहेत, हे शोधणं तुझं काम. म्हणून सरकारी रजिस्टरं आहेत ती असू देत, तू स्वतःची एक साधी वही कर आणि तिच्यात फक्त न आलेल्यांची नावं लिही. लसीकरणाच्या सत्राआधी आशाताई ड्यू लिस्ट, म्हणजे डोस बाकी असलेल्यांची यादी देतील. सत्र उरकलं की त्यातलं कोण आलं नाही, ते त्याच संध्याकाळी पाड्याच्या नावासकट उतरवून घे. पुढे कारणाचा रकाना ठेव. त्यात ‘अज्ञान’ किंवा ‘उदासीनता’ असं कधी लिहू नकोस. तसं लिहिलं की आपली चौकशी तिथेच थांबते. घरी जाऊन विचारलंस तर खरं कळेल. मागच्या पेंटा लशीच्या डोसनंतर बाळ रात्रभर तापलं आणि असा ताप येतो हे त्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. नाल्याला पाणी होतं. घरात मोठं माणूस नव्हतं, लहानग्यांना कुणाकडे ठेवणार? किंवा गेल्या खेपेला तिच्यावर कुणीतरी खेकसलं होतं.

हे शेवटचं कारण तुला वाटेल त्याहून जास्त वेळा सापडेल. कळा देणाऱ्या बाईला ओरडणं, तिच्या कपड्यांवरून, लागोपाठच्या बाळंतपणांवरून बोलणं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका मोठ्या दवाखान्यात एका पावरा बाईला असंच बोलून बाकावर बसवून ठेवलं होतं. ती रात्रीच नवऱ्याबरोबर निघून गेली आणि घरीच बाळंत झाली. सुदैवाने दोघं वाचली. पण त्या पाड्यावरून नंतर कितीतरी काळ कुणी बाळंतपणाला खाली उतरलं नाही. रस्ता होता, १०८ची गाडी येत होती, औषधं फुकट होती, तरी त्या पाड्याला दवाखाना बंदच झाला होता. त्यामुळे पावरी बोली लगेच शिकायला घे. ‘कुठे दुखतं’, ‘घाबरू नको’, ‘मी इथेच आहे’, एवढं आलं तरी बाई तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. आणि सुईणीला हिणवू नकोस. कोणाला दिवस गेलेत हे तिला आपल्या आधी कळतं. बाळंतिणीबरोबर तिलाही दवाखान्यात बोलाव, उशाशी बसू दे.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी केलेलं काम तू अभ्यासात वाचलं असशील. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती अशी की, त्यांनी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला. पुढे २००१च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने दाखवलं की सरकारी नोंदींत दिसत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त बालमृत्यू प्रत्यक्षात होत होते. जी बाळं कागदावर जन्मलीच नाहीत, त्यांच्यासाठी कोण धावणार? आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला भेटतात, त्याचं मूळ गडचिरोलीच्या कामात आहे. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही जायचं असतं. यातल्या काही भेटी तू त्यांच्यासोबत कर. वजनकाटा स्वतः धर. १,८०० ग्रॅमच्या आतलं बाळ दिसलं तर आईच्या छातीशी उबेत ठेवून मोठ्या दवाखान्यात पाठव, उद्यावर टाकू नकोस.

आकडे चांगले दिसावेत म्हणून वरून दडपण येईल. घरचं बाळंतपण दवाखान्यातलं म्हणून लिही, मेलेलं बाळ मेलेलंच जन्मलं म्हणून लिही, असं सुचवणारेही भेटतील. ऐकू नकोस. मी ऐकलं नाही, त्यापायी बोलणी खाल्ली, पण बदलीपलीकडे कुणी काही करू शकलं नाही.

आता लगेच करायचं ते सांगते. पाऊस तोंडावर आलाय. जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांची तारीख आहे त्या सगळ्या बायकांची यादी याच आठवड्यात काढ. ज्यांना ओढा ओलांडावा लागतो, ज्यांचं हिमोग्लोबिन ७च्या खाली आहे किंवा बी.पी. १४०/९० किंवा त्याहून जास्त आहे, त्यांची नावं लाल पेनाने लिही आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखव. लाल पेनातल्या बायकांना आत्ताच तपासणीला घेऊन जा. त्यांतल्या ओढ्यापलीकडच्या आणि बाकीच्या बायकांना तारखेआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आणायची बोलणी सुरू कर. बोलणी एकट्या बाईशीच नको, सासूशी आणि नवऱ्याशीही कर. शेतीची कामं ऐन भरात असतात, घरचं कोण बघणार हा त्यांचा प्रश्न खरा आहे. धाकटं मूल आणि एक नातेवाईक सोबत राहू शकतात, हे आवर्जून सांग. वाट वाहून गेल्यावर झोळीतून बाई आणणं किती जिवावरचं असतं ते तुला तिथली माणसंच सांगतील.

आणि होळी लक्षात ठेव. दिवाळीनंतर माणसं उसाला, जिनिंगला गुजरातेत जातात आणि होळीला सातपुड्यात परततात. त्या आठवड्यात रजा टाकू नकोस. महिनोन्‌महिने एकही तपासणी न झालेल्या गरोदर बायका आणि एकही डोस न घेतलेली बाळं तेव्हाच तुझ्या हाती लागतील.

रात्री फोन आला तर एकटी निघू नकोस, आशाताईंना किंवा पोलीस पाटलांना बरोबर घे. स्वतःचंही हिमोग्लोबिन तपास, तुझ्या आईसारखीच तू जेवायचं टाळतेस. बॅटरी आणि रेनकोट दादाबरोबर पाठवते आहे. राखीला येशील तेव्हा वही घेऊन ये, आपण दोघी बसून ती नावं बघू.

तुझी,
आत्या