रुंद रस्ता आणि लांबलेला प्रवास

रस्ता रुंद केला म्हणजे गर्दी ओसरते, असें आपणांस सहज वाटतें. तें कितपत खरें आहे हें पाहूं.

अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं केटी नांवाचा मोटाररस्ता आहे. तो इ. स. २००८ पर्यंत इतका वाढविण्यांत आला कीं, बाजूचे रस्ते धरून कांहीं ठिकाणीं त्याचे २६ पदर झाले. तथापि इ. स. २०११ ते २०१४ या काळांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हां लांबतच गेला.

याचें कारण काय? रस्ता मोकळा दिसतांच, पूर्वीं अन्य वेळीं किंवा अन्य मार्गानें जाणारे लोक त्यावर येतात; कित्येक दूर घरें बांधतात. घर, शाळा व बाजार यांतील अंतर वाढलें म्हणजे पायीं जाणें खुंटतें आणि मोटार ही चैन न राहतां गरज होऊन बसते. मग बालक, वृद्ध, अंध व गरीब यांस दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहावें लागतें.

कोरियांतील सोल शहरानें इ. स. २००३ मध्यें चॉन्ग्येचॉन ओढ्यावरील उंच मोटाररस्ता पाडण्यास आरंभ केला व २००५ सालीं ओढा पुन्हां उघडा केला. आज त्याच्या कांठीं लोक पायीं फिरतात.

सारांश, नगर जसें आंखावें तसा प्रवास घडतो. पालकांनीं एके दिवशीं मुलाबरोबर शाळेपर्यंत पायीं यावें व तें कोठें भिऊन थबकतें हें पाहावें. सुधारणेचा आरंभ त्याच जागेपासून व्हावयास हवा.