कढीपत्त्यावरच्या अळ्या

मुलुंड (पूर्व),
पहिल्या पावसानंतरचा रविवार

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

नव्या घराच्या गॅलरीचे फोटो पाहिले. पेटुनिया, अरेका पाम, मनीप्लांट, सगळं झकास. पण मला आवडला तो शेवटचा फोटो. कढीपत्त्याची निम्मी पानं कुरतडलेली, एका पानावर पाखराची शीट पडावी तशी मळकट अळी, आणि खाली तुझा प्रश्न : ‘मामा, यावर कुठलं औषध मारू?’

काही मारू नकोस. ती बहुरूपी फुलपाखराची अळी आहे. तुझ्या एवढ्या कुंड्यांपैकी कढीपत्त्याची एकच सध्या कामाला लागली आहे.

मीही पूर्वी लिंबाच्या कुंडीवर औषध मारलं होतं, आणि मग गॅलरीत फुलपाखरं का येत नाहीत म्हणून फुलझाडं वाढवत बसलो होतो! आपली चूक नेहमी इथेच होते. मध कुठल्याही फुलातला चालतो; घाणेरी अमेरिकेतून आलेली, तरी तिच्यावर फुलपाखरांची झुंबड असते. पण अंडी घालायची वेळ आली की मादी पुढच्या पायांनी पानाची चव घेते आणि पिढ्यान्‌पिढ्या ओळखीच्या झाडावरच थांबते. बहुरूपीला लिंबू, कढीपत्ता या कुळातलं झाड लागतं. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालेलं नीलवंत, तेही याच कुळावर वाढतं. तुझ्या पेटुनियावर ही फुलपाखरं जेवून जातील, पण बाळंतपणाला येणार नाहीत.

अळी मोठी झाली की हिरवीगार होते. बोटाने हलकेच डिवचलंस तर डोक्यामागून लालसर दुभंगी शिंग काढेल आणि घाण वास सोडेल. एकदाच बघ, पुन्हा छळू नकोस. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळा मामला साधारण महिन्याभराचा. तोवर फोडणीला कढीपत्ता भाजीवालीकडून आण. झाड मरत नाही, पावसाळ्यात पुन्हा पालवतं.

याला बहुरूपी का म्हणतात, तेही ऐक. त्याच्या काही माद्या दुसऱ्याच एका लाल-काळ्या फुलपाखराचं सोंग घेतात. ते ईश्वरीच्या वेलावर वाढतं, वेलातलं विष अंगात मुरवतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. ईश्वरीचा वेल तुझ्या ग्रिलवर चढव. म्हणजे असली आणि सोंगाडी, दोघं एकाच गॅलरीत दिसण्याची आशा धरता येईल.

रुईही लाव. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, तीच. तिच्यावर नारिंगी बिबळ्या कडवा येतो. फक्त तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस, तुझ्या छोटीलाही हात लावू देऊ नकोस. सब्जाची एक कुंडी ठेव आणि तिच्या मंजिऱ्या खुडू नकोस. मधमाश्यांची सोय होईल.

‘देशी’ या शब्दाचं मात्र सोवळं करू नकोस. तुझा अरेका पाम मादागास्करचा, पण आपल्या आजीची पानफुटीही तिथलीच. आणि तिच्या जाड पानात शिरून आतला गर खाणारी एका इवल्या फुलपाखराची अळी इथली आहे. पान कोणी खातं का, एवढंच विचारायचं.

तुमच्या सोसायटीतल्या आंब्यावर बांडगूळ आहे, ते माळी काढणार म्हणालीस. काढू दे, झाडाचा रस शोषतं ते. पण एखादा झुबका ठेवायला सांग. पिवळ्या-लाल ठिपक्यांचं हळदी-कुंकू नावाचं फुलपाखरू त्यावर अंडी घालतं, आणि फुलटोच्या त्याची फळं खातो. माळी हसेल. हसू दे.

जमलं तर एखाद्या रविवारी घोडबंदर रोडवर ओवळ्याला जाऊन ये. राजेंद्र ओवळेकरांनी घरच्या जमिनीत तिथे फुलपाखरांची बाग उभी केली आहे. तिथे फुलांपेक्षा पानं बघ. भोकं पडलेली पानं तिथे कोणाला खुपत नाहीत.

रोपं मात्र नॅशनल पार्कातून उपटून आणू नकोस. ते १०४ चौरस किलोमीटरचं रान तुझ्या बोरिवलीच्या आणि माझ्या मुलुंडच्या मधे आहे, म्हणून तर आपल्याकडे हे पाहुणे येतात. आपल्याला पलीकडे जायला बोगदा खणावा लागतो. त्यांना वाटेत चार कुंड्या पुरतात.

कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नकोस, डासांसाठी पालिकेची माणसं तपासायला येतात आणि त्यांचं बरोबर आहे.

आणि हो, आठवड्या-दोन आठवड्यांनी अळ्या एकाएकी दिसेनाशा होतील. पाखरांनी खाल्ल्या म्हणून रडू नकोस. काही खाल्ल्याही असतील, पण काही कोष करायला कुंडी सोडून भलतीकडे जातात. तेव्हा कामाला येणाऱ्या मावशींना सांगून ठेव, महिनाभर ग्रिल पुसू नका म्हणावं.

तुझा,
मामा