पिक काउंटर पारखण्याची सोपी तरकीब

यंत्रमागावर अनेक ठिकाणी कारीगराची मजुरी पिकांच्या हिशोबाने ठरते. काउंटर पिक गिळू लागला तर कारीगराचे नुकसान, जादा दाखवू लागला तर कारखानदाराचे; शिवाय तंटा वेगळाच. म्हणून इलेक्ट्रॉनिक काउंटर मागावर चढविण्यापूर्वी टेबलावर पारखून घ्यावा. त्यासाठी वेग कमीजास्त करता येणारा, चौकोनी लहरींचा ऑसिलेटर घरी बनविता येतो.

सामान : १९७२ साली बाजारात आलेली व आजही सहज मिळणारी ५५५ आयसी, १ व १० किलोओहमचे प्रत्येकी दोन रेझिस्टर, १०० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल, १० व ०.०१ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर, एलईडी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी.

जोडणी : पिन ४ व ८ बॅटरीच्या प्लसला, पिन १ मायनसला. पिन ८ व ७ मध्ये १ किलोओहम. पिन ७ व ६ मध्ये १० किलोओहम आणि व्हॉल्यूम कंट्रोल एकापुढे एक. पिन २ व ६ एकत्र जोडून तेथून १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर मायनसला. त्याची प्लस बाजू पिनांकडे. पिन ५ वरून ०.०१ मायक्रोफॅरड मायनसला. पिन ३ वरून १ किलोओहममार्गे एलईडी मायनसला.

काम कसे चालते : कॅपॅसिटर बॅटरीच्या दोन-तृतीयांश व्होल्टेजपर्यंत भरला की आयसी त्याला पिन ७ मधून रिकामा करते, एक-तृतीयांशावर उतरला की पुन्हा भरू देते. भरताना पिन ३ चालू, रिकामा होताना बंद.

हिशोब : पिन ८-७ मधील रेझिस्टर अधिक पिन ७-६ मधील रेझिस्टरची दुप्पट, ही बेरीज किलोओहममध्ये घेऊन मायक्रोफॅरडने गुणा, १४४० ला त्या गुणाकाराने भागा. सेकंदाचे ठोके मिळतील. आपल्या सर्किटचा वेग मिनिटाला सुमारे ३९ ते ४१० येतो. साध्या मागाचे शंभर-सव्वाशे पिक त्यात सहज बसतात.

तपासणी : काउंटर एनपीएन सेन्सरवर चालणारा असेल तर पिन ३ वरून १० किलोओहममार्गे ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडा. एमिटर बॅटरीच्या व काउंटरच्या मायनसला, कलेक्टर काउंटरच्या सिग्नल तारेला. आकडा शून्यावर आणा, वेग कमी ठेवा, एलईडीचे २०० ठोके मोजा; काउंटरवरही २०० च हवेत. नंतर वेग वाढवून, खात्रीचा दुसरा काउंटर वेगळ्या ट्रान्झिस्टरने त्याच पिन ३ ला जोडा व अर्धा तास चालवा. दोन्ही आकडे जुळले तर माल खरा.

कॅपॅसिटर छापील मापापेक्षा थोडा कमीजास्त निघतो, म्हणून वेगावर नव्हे, मोजलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवावा. मागावरचा सेन्सर मात्र निराळा तपासावा. सर्किट बॅटरीवरच चालवा. घरच्या विजेला थेट जोडू नका.