जस्ताची उणीव आणि शरीरातील अदृश्य झीज

लोखंडावर गंज चढतो, चिरून ठेवलेले वांगे काळे पडते, ही प्राणवायूचीच करणी होय. शरीरात अन्नापासून ऊर्जा निर्माण होत असताना प्राणवायूचा अल्प अंश अतिक्रियाशील रूप धारण करतो. हे कण पेशींची आवरणे, प्रथिने व आनुवंशिक द्रव्य यांना इजा करतात. निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त करीत असते. तो अपुरा पडला म्हणजे येणाऱ्या अवस्थेस ‘ऑक्सिडीकरणाचा ताण’ म्हणतात.

या बंदोबस्तात जस्ताचा, म्हणजेच झिंकचा, वाटा मोठा आहे. जस्त स्वतः या कणांशी झुंजत नाही. ते रक्षकांना बळ देते. तांबे व जस्त यांनी युक्त असे एक विकर या कणांपैकी एका प्रमुख प्रकाराचे निवारण करते. जस्तामुळे तयार होणारे मेटॅलोथायोनीन हे प्रथिनही संरक्षण करते. जस्त घटले की हे रक्षक दुर्बळ होतात, दाह वाढतो आणि रोगप्रतिकारशक्ती खालावते.

मानवातील या उणिवेचा शोध मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांच्या संशोधनातून लागला. इराणमधील शिराज येथे त्यांनी तपासलेला २१ वर्षांचा एक तरुण दहा वर्षांच्या मुलाएवढा दिसे. त्याचा आहार मुख्यतः गव्हाच्या रोटीचा होता. पुढे इजिप्तमधील अशाच रुग्णांत जस्ताची उणीव असल्याचे १९६३ मध्ये सिद्ध झाले. वृद्धांना वर्षभर जस्त दिल्यास संसर्ग व ऑक्सिडीकरणाचा ताण दोन्ही घटतात, असे त्यांच्या २००७ च्या अभ्यासात दिसून आले.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षे वयाच्या १९ टक्के बालकांत आणि १० ते १९ वर्षे वयाच्या ३२ टक्के मुलामुलींत जस्ताची उणीव आढळली. ज्वारी, गहू, डाळी यांत जस्त असते. परंतु त्यांतील फायटेट त्याला जखडून ठेवते व ते अंगी लागत नाही. कडधान्ये भिजवून मोड आणणे, पीठ आंबवणे, या आपल्या घरोघरच्या रीतींनी हे फायटेट घटते. मोडाची मटकी, आंबील, तसेच चालत असल्यास अंडी, मासे व मांस यांचा आहारात समावेश असावा.

अतिसारात शरीरातील जस्त वाहून जाते. म्हणून क्षारसंजीवनीसोबत सहा महिन्यांवरील बालकास रोज २० मिलिग्रॅम व त्याहून लहान बालकास १० मिलिग्रॅम जस्त १४ दिवस देण्याची पद्धत आहे. जुलाब थांबताच गोळ्या बंद करू नयेत. मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून जस्त दीर्घकाळ घेणे इष्ट नव्हे. अतिरेकाने तांब्याचे शोषण घटते.

आपल्या गावातील प्रत्येक आजारी बालकाच्या गोळ्या पूर्ण झाल्या किंवा नाही, एवढी चौकशी शिक्षक व पंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीकडे जरूर करावी.