चित्राखालील चित्र

हात मोडलेल्या मनुष्यास इस्पितळात नेले म्हणजे क्ष-किरणांच्या साह्याने त्याच्या हाडाचे छायाचित्र घेतात, हे आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. याच किरणांनी जुन्या चित्रांचीही तपासणी करितात. तिजपासून काय कळते, हे एका उदाहरणाने सांगावे असे आम्ही योजिले आहे.

हे किरण सन १८९५ मध्ये जर्मनीत प्राध्यापक रंटगेन यांस सापडले. ते मांसातून सहज पार जातात, पण हाडात अडतात. चित्रासही तोच न्याय लागू आहे. जुने चितारी पांढऱ्या रंगाकरिता शिशाचा सफेता वापरीत. शिसे किरणांस अडविते. दुसरे पुष्कळ रंग त्यांस फारसे अडवीत नाहीत. म्हणून वरून निराळा रंग दिला असला तरी खालचा सफेता छायाचित्रात उमटतो.

हॉलंडातील डेल्फ्ट नगराचा चितारी व्हर्मीर याने सन १६५७ ते १६५९ च्या सुमारास उघड्या खिडकीपाशी पत्र वाचणाऱ्या तरुणीचे चित्र काढिले. ते जर्मनीत ड्रेसडेन येथील संग्रहालयात आहे. तरुणीच्या मागील भिंत कोरी दिसत असे. सन १९७९ मध्ये क्ष-किरणांनी पाहता त्या भिंतीवर रोमी लोकांचा प्रेमदेव क्युपिड याचे मोठे चित्र असून ते रंगाखाली झाकलेले आहे, असे आढळले. व्हर्मीराने ते स्वतःच झाकिले असावे, असे अनुमान पंडितांनी केले. व ते बहुत वर्षे चालले.

पुढे चित्र स्वच्छ करण्याचे काम चालू असता, सन २०१७ मध्ये रंगाचे बारीक कण प्रयोगशाळेत तपासले. तेव्हा क्युपिडाच्या रंगावर व्हार्निश व धूळ यांचे थर, आणि त्यांवर भिंतीचा रंग, असा क्रम दिसला. इतकी धूळ एका दिवसात साचत नाही. मध्ये कित्येक दशके लोटली होती. आणि व्हर्मीर तर सन १६७५ मध्येच वारला होता. अर्थात झाकणारा हात परका होता. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चाकूने तो रंग काढून, सन २०२१ मध्ये चित्र पुन्हा लोकांपुढे मांडिले. त्यात क्युपिड कपटाची खूण असलेले मुखवटे पायांखाली तुडवीत आहे. तरुणीच्या हातातील पत्र प्रेमाचे असावे, ही सूचना कोऱ्या भिंतीमुळे इतका काळ लोपली होती.

वाचकहो, क्ष-किरणांनी काय झाकले आहे हे खरे सांगितले. कोणी झाकिले हे त्यांनी सांगितलेच नव्हते. ती भर मनुष्यांनी घातली, आणि परक्याचे कृत्य मृत चिताऱ्याच्या नावे लागले. यास्तव जितके दिसले तितकेच सिद्ध मानावे, व उरलेल्याविषयी निर्णय देण्यापूर्वी धुळीच्या थराचीही साक्ष घ्यावी.